विसण लागेल इतकं कढत पाणी

उज्ज्वला, टाकी बसवली. ओरडू नकोस.

तुला न विचारता बसवली हे खरं, पण विचारणार कुठे? महिना होत आला तुला जाऊन. तरी नळाला हात लावला की आधी तू काय म्हणशील तेच ऐकू येतं. "कायले पाहिजे टाकी?" हेच म्हणणार तू. गेली कित्येक वर्षं माझ्या न्हाणीघरात उभी राहून, हातात पाना घेऊन, हेच म्हणत आलीस. आणि मी दर वेळी म्हणायचे, अगं बाई, माझं घर, माझी न्हाणी, माझी टाकी, तुझं काय जातं? तर म्हणायचीस, "तुझी न्हाणी माझं छत आहे, मेधा. माझंच जाते."

खरंच होतं ते. सिंगापुरात, हौगांगच्या या इमारतीत तू माझ्या बरोब्बर खाली राहायचीस. तू गेलीस त्या दिवशी मी ऑफिसात फोन केला, म्हटलं चार दिवस येत नाही. साहेबीण म्हणाली, कोण गेलं? मी म्हटलं, खालच्या मजल्यावरची. "ओ, नेबर," म्हणाली, आणि शेजारणीसाठी अशी रजा नसते असं गोड आवाजात सांगितलं. मी म्हटलं मग बिनपगारी लाव. तिला वाटलं असेल बाईचं डोकं फिरलंय. वाटू दे.

आता टाकी का बसवली ते ऐक. तुझ्या काकूंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, आईंनी, बॅग भरायला काढली होती. लेकाकडून, समीरकडून, तिकीटही काढून घेतलं, बुधवारचं. साताऱ्याला थोरल्या दिरांकडे जाणार, आणि परत यायचं नाही. का, तर, "उज्ज्वला गेली. आता इथे मी बोलू कुणाशी?" हे माझ्या तोंडावर म्हणाल्या गं! सख्ख्या सुनेच्या तोंडावर! म्हणजे मी इतकी वर्षं काय भिंतीशी बोलत होते? रागाने मी तशीच कामावर निघून गेले आणि गाडीत बसल्यावर लक्षात आलं की मला त्या जायला नको आहेत. सासू जाते म्हणते आणि सुनेला रडू येतं, हे कुणाला सांगायची सोय तरी आहे का? तुला सांगितलं असतं. तू हसली असतीस.

आठवतंय ना, पहिल्यांदा माझ्या दारात कशी आलीस? नरकचतुर्दशीची पहाट. आईंचा हुकूम होता की परदेश असो नाहीतर पाताळ, अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी झालं पाहिजे. तेल, उटणं, डाळीचं पीठ, सगळं यथासांग. पायाच्या अंगठ्याने फोडायला कारिटं हवं, ते इथे कुठून आणणार? म्हणून मी चेरी टोमॅटो आणले होते. समीरने फोडला, मी फोडला, आईंनी तर जोशात दोन फोडले. आणि त्या टोमॅटोची सालं, बिया, उटण्याचा चिखल आणि वाटीभर खोबरेल, सगळं मोरीच्या जाळीतून खाली जाऊन बसलं. तितक्यात बेल वाजली. दारात तू, नाइट ड्रेसवर ओढणी, केस विस्कटलेले, हातात वाकवलेली तार.

"कोण आंघोळ करून राहिलं वो इथं? माझ्या घरात छतातून पाणी येऊन राहिलं!"

मराठी ऐकून मी आधी खूश झाले आणि मग घाबरले. तू थेट आत घुसलीस. जाळी काढलीस, आतली वाटी काढलीस, कोपरापर्यंत हात घातलास आणि बाहेर काढलंस ते टोमॅटोचं साल. त्याच्याकडे बघतच राहिलीस. "बाप्पा! मोरीत कोशिंबीर कायले केली?" मला हसावं की रडावं कळेना. तेव्हाच तू मला समजावलंस की इथल्या घरांत वरच्याच्या मोरीचा पाइप खालच्याच्या छताला लटकलेला असतो, आपण नाक शिंकरलं तरी खालच्याला कळतं.

आणि तेवढ्यात आई. डोक्याला टॉवेल, अंगाला उटणं तसंच, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आडनाव काय गं तुझं?"

 आई काय विचारतायत आणि का विचारतायत ते मला कळलं, तुलाही कळलं. हात अजून मोरीतच होता तुझा. मान वर करून तू म्हणालीस, "उज्ज्वला गजभिये. नागपूर. दीक्षाभूमीपासून चालत जाता येते इतकं जवळ घर आहे आमचं. अजून काही विचारायचं आहे काकू?"

आई तुझ्या हाताकडे बघत होत्या. त्यांच्या आंघोळीचा सगळा गाळ त्या हाताला लागलेला.  मग म्हणाल्या, "चहात साखर किती?"

"भरपूर," तू म्हणालीस.

यावर आपण पुढे कधी बोललो नाही. तू विषय काढला नाहीस, मी काढायला धजले नाही. मला खूपदा विचारावंसं वाटायचं की त्या क्षणी तुझ्या मनात काय आलं. आता राहूनच गेलं. पण त्या दिवाळीनंतर दुपारचा चहा आईंनी तुझ्याशिवाय घेतला नाही. घरून काम असेल त्या दिवशी तू लॅपटॉप घेऊन वर यायचीस आणि त्या तुला नागपूरकडच्या वडाभाताची कृती विचारायच्या, करायच्या मात्र कधीच नाहीत. साताऱ्याचं तिखट काय कमी आहे का, असं वर तोंड करून म्हणायच्या. तुम्ही दोघी मिळून मला नावं ठेवायचात तेही मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात ऐकू यायचं सगळं.

त्याच चहावर कधीतरी विसणाचा विषय निघाला.

आईंची तक्रार जुनीच होती. इथल्या बटण दाबून तापणाऱ्या गीझरचं पाणी म्हणजे यांच्या मते पाणीच नव्हे. "ज्या पाण्यात विसण घालावं लागत नाही ते कसलं आंघोळीचं पाणी?" कढत पाणी बादलीत घ्यायचं, हात घालून पाहायचा, हात चटकन मागे आला पाहिजे, मग तांब्याने गार पाणी, म्हणजे विसण, घालत घालत अंगाला सोसेल इतकं करायचं. ही त्यांची आंघोळ. गुडघे धरलेत, खांदा आखडलाय, आणि वरून फवारा पडतो कोमट. "हे काय, झाडांना पाणी घालतात तसं!" म्हणायच्या. सिंगापूरच्या उकाड्यात कढत पाणी कशाला, असं समीर एकदाच म्हणाला. पुन्हा म्हणाला नाही.

गॅसवर पातेलं तापवून त्या न्हाणीत नेत होत्या, तर एकदा हॉलमध्येच पातेलं कलंडलं. पायावर सांडलं नाही हे नशीब. ते मी बंद केलं. मग पुढच्या खेपेला साताऱ्याहून येताना बाईंनी काय आणावं? नऊवारीत गुंडाळून पाणी तापवायची सळई! विमानतळावर कुणी अडवलं नाही याचं मला अजून नवल वाटतं. प्लास्टिकच्या बादलीत सळई सोडली, बटण दाबलं, आणि सगळं घर अंधारात. तू खालून धावत आलीस. तुझा चेहरा मी विसरणार नाही. तेवढी चिडलेली तुला कधी पाहिली नव्हती. काकूंच्या हातून सळई घेतलीस आणि म्हणालीस, "काकू, ही मी घेऊन चालली. तुमचं पाणी मी तापवून देईन. विसण लागेल इतकं कढत. शब्द देते." आईंनी लगेच हात पुढे केला आणि तुझ्याकडून टाळी घेतली. सौदा ठरल्यासारखी.

झालं. त्या शब्दापायी आपल्या दोघींचे किती रविवार गेले!

तशी मी प्लंबिंगमधली ढ. बँकेत बसून लोकांच्या कागदांत खोट काढणारी बाई, मला वॉशर आणि बांगडीतला फरक कळत नव्हता. तू मला गिरवून घेतलंस. आधी मुख्य कॉक बंद, मग नळ उघडून पाइपातलं पाणी काढायचं, मगच पान्याला हात. सिंकखालची गळकी नळी आपण बदलली, फ्लशच्या टाकीतली झडप बदलली, स्वयंपाकघरातला नळ तर मी एकटीने बदलला, तू नुसती स्टुलावर बसून शेंगदाणे खात होतीस. नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप मात्र मला जन्मात जमली नाही. मी डावखुरी, माझा हात आपोआप उलटा फिरायचा, आणि आटे घट्ट करायला गेलं की टेप सगळी सुटून यायची. "अवो डावरेबाई, आटा जिकडे जाते तिकडे टेप फिरव ना!" तू कपाळाला हात लावायचीस. मग मी तुझ्या अंगावर जायचे, की सगळं जग उजव्या हाताच्या लोकांनी बनवलंय त्याला मी काय करू. मग आई आतून ओरडायच्या, "भांडणं झाली की चहा टाकते!"

आणि तुझं ते तत्त्व! इथल्या नियमात घरमालकाने स्वतः जे करायची मुभा आहे ते सगळं करायचं, आणि नियमापलीकडे सूतभरही जायचं नाही. मी म्हणायचे, अगं, कोण बघतंय, गीझरचा पाइप आपणच जोडू. तू डोळे वटारायचीस. गीझर बसवायचा तर लायसन्सवाला प्लंबर लागतो, वायरिंगला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन लागतो. "मी उष्णतेवर संशोधन करते म्हणून मले जास्त भीती वाटते," म्हणायचीस. एवढी हुशार बाई, प्रयोगशाळेत कसली कसली यंत्रं थंड ठेवते, आणि घरी वॉशर बदलल्यावर लहान पोरासारखी टाळ्या पिटते. मला तुझं ते फार आवडायचं. तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर चढली असतीस.

तर टाकी. माझं म्हणणं सरळ होतं. लायसन्सवाला माणूस बोलवा, छताखाली छोटी साठवणीची टाकी बसवा, पाणी आत तापून राहील, कढत निघेल, विषय संपला. तुझं म्हणणं, एका म्हातारीच्या एका बादलीसाठी दिवसभर टाकी तापवून ठेवायची, हा शुद्ध वेडेपणा. "आणि एवढ्याशा टाकीत पाणी किती? एक जण न्हाला की दुसऱ्याले ठणठणगोपाळ!" मी म्हणायचे दुसरं कोण न्हाणार आहे? तू म्हणायचीस, "माणसाचं काही सांगता येते का?" बस, इथे येऊन गाडी अडायची. तुला आहे त्याच गीझरमधून कढत पाणी काढून दाखवायचं होतं. हट्टच होता तो. अभिमान म्हण हवं तर.

किती प्रयोग! फवाऱ्यातून पाणी पडताना हवेत गार होतं म्हणून तू फवारा काढून नळीचं तोंड बादलीच्या तळाशी सोडलंस. थोडं बरं झालं. गीझरपासून नळीपर्यंतच्या पाइपाला फोमचा अंगरखा घातलास. अजून थोडं. धार बारीक केली की पाणी जास्त तापतं, म्हणून बारीक केलीस, तर गीझर आपला रुसून बंदच पडायचा. मग बादलीला माझी योगासनांची चटई गुंडाळून वर झाकण केलंस. माझी चटई! विचारलंससुद्धा नाहीस! दर खेपेला आई न्हाणीच्या दारात स्टूल टाकून बसायच्या, आणि शेवटी तू थर्मामीटर बाहेर काढून ओरडायचीस, "पाहा काकू, वाढलं!" आई बोट बुडवायच्या, विचार करायच्या, आणि म्हणायच्या, "कोमट." तू चिडायचीस. "आकडा पाहा ना!" "आकड्याने न्हाऊ का मी?" तुम्हा दोघींचं बघून मला हसू आवरायचं नाही. खरं सांगू का? मला नंतर नंतर वाटायला लागलं की पाणी तापू नये. तापलं की रविवार संपले.

उबीन बेटावर गेलो होतो ते आठवतं? तू आणि तुझी लेक मैत्रेयी सायकलवर पुढे, मी आणि आई भाड्याच्या गाडीतून मागे. बोटीत आई माझा हात इतका घट्ट धरून बसल्या होत्या की बांगडी रुतली. आणि तिथे एका जुन्या लाकडी घराच्या मागे चूल मांडलेली दिसली, वर काळंकुट्ट पातेलं, शेजारी लाकडं रचलेली. आई गाडीतून उतरल्या, कुंपणाशी उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता तुला म्हणाल्या, "इथे विसण लागत असेल हो." त्या घरच्या म्हाताऱ्या बाईने आतून हात केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. येताना तू मला म्हणालीस, "मेधा, मी हरून राहिली का गं?" मी म्हटलं, हो, आणि आता तरी टाकी बसवू दे. "अजून एक कल्पना आहे," म्हणालीस. तुझ्याकडे नेहमीच अजून एक कल्पना असायची.

ती कोणती होती, ते मला अजून कळलेलं नाही. तू सांगितलीच नाहीस. प्रयोगशाळेत दुपारी छातीत कळ आली, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं. सकाळी लिफ्टमध्ये भेटली होतीस. "रविवारी मोकळी राहा," एवढंच म्हणाली होतीस.

इमारतीच्या तळमजल्यावर, मोकळ्या जागेत, तुला अंत्यदर्शनासाठी ठेवलं. आपली मंडळी आली, बुद्धवंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं. आई शेवटपर्यंत हात जोडून बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना तेवढा वेळ बसवत नाही, तुला माहीतच आहे. मी दोनदा म्हटलं, वर जाऊया. जागच्या हलल्या नाहीत. मैत्रेयी मात्र रडली नाही गं. तेवीस-चोवीस वर्षांची पोर, सगळ्यांना पाणी देत होती, खुर्च्या मोजत होती, नागपूरच्या मामांना फोनवर समजावत होती. नंतरही रडली नाही. "आयॅम ओके, आंटी, डोंट वरी लाह," इथल्यासारखं शेवटी लाह लावून म्हणायची आणि दार लावून घ्यायची. मी डबा घेऊन जायचे, तर कालचा डबा तसाच. तुझ्या घरात पाऊल टाकवत नव्हतं मला, पण जायचे. केस तर तिने विंचरलेच नव्हते बहुतेक. आई मला म्हणाल्या, "पोरीच्या डोक्याकडे बघ. जटा होतील." आणि पुढच्याच दिवशी तिकिटाचं बोलल्या.

मग माझं डोकं फिरलं. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा ओतताना. म्हटलं, जायचं तर जा, पण इतकी वर्षं ज्या पाण्यासाठी थांबलात त्याने एकदा न्हाऊन जा. नाहीतर उज्ज्वलाचा शब्द माझ्या घरातून खोटा होऊन बाहेर पडेल.  मी फोन उचलला आणि प्लंबर ठरवला.

शनिवारी आला. पिकलेल्या केसांचा चिनी अंकल, बरोबर त्याचा इलेक्ट्रिशियन. मैत्रेयीला मी मुद्दाम वर बोलावलं, म्हटलं तुझ्या छताचा प्रश्न आहे, तूही बघ. ती आली, भिंतीला टेकून उभी राहिली. "मॉम सेड नो टँक, वॉट," म्हणाली. मी म्हटलं, तुझी मॉम चुकत होती. ती म्हणाली, "शी वोंट लाइक धिस." मी म्हटलं, माहीत आहे. मला पण आवडत नाहीये.

अंकलने आधीचे सगळे जोड तपासले. फोमचा अंगरखा उचलून पाहिला, सिंकखाली वाकून पाहिलं, माझ्या उलट्या टेपवाला एक जोड सोडून बाकी सगळ्यांवर टॉर्च मारला आणि विचारलं, "हू डू धिस?" मी म्हटलं, माय फ्रेंड. "प्लंबर आह?" म्हटलं, नो, सायंटिस्ट. "सेम लाह," म्हणाला आणि कामाला लागला. मैत्रेयी हसली तेव्हा. फार दिवसांनी हसली. तुझा एकही जोड त्याने उचकटला नाही, उज्ज्वला. माझा तेवढा उचकटला. घे, मिळालं समाधान?

छोटीच टाकी बसली, न्हाणीत मोठी मावलीच नसती. जादा दाब सोडायची झडप, वेगळं बटण, सगळं नियमाने. तुझ्या नियमाने.

आणि काल रविवार.

सकाळी मी बटण दाबलं. पाणी तापलं. आईंनी स्टूल न्हाणीत ठेवून घेतलं, बादली लावली, शेजारी गार पाण्याची दुसरी बादली आणि तांब्या. नळ सोडला तशी वाफ आली. वाफ, उज्ज्वला! आमच्या न्हाणीतला आरसा धुरकट झाला. आईंनी बादलीत हात घातला आणि चटकन मागे घेतला. "आई गं!" म्हणाल्या. मग बोटं चोळत तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं भाजलं की काय. म्हटलं, आई, काय झालं? त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "पोरीला बोलाव."

"आता? पाणी निवेल."

"म्हणूनच म्हणते, लवकर बोलाव. तेलाची वाटी गरम कर."

मैत्रेयी टी-शर्ट आणि हाफ पँटवर वर आली, तिला वाटलं काहीतरी गळतंय. आईंनी तिचा दंड धरला आणि तिला स्टुलावर बसवलं. "आजी, फॉर व्हॉट?"  केसांच्या गाठी बोटांनी सोडवत सोडवत तेल घातलं. किती वेळ गेला असेल. मी दारात उभी, टाकीचं बटण पुन्हा चालू केलं. मग आईंनी तांब्या घेतला.

"हॉट लाह, आजी! सो हॉट!"

"थांब गं राणी, विसण घालते."

एक तांब्या गार घातला. हात बुडवून पाहिलं. अजून एक. "आता बघ." आणि तिच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला. मैत्रेयीने डोळे मिटले, खांदे वर घेतले, आणि मग ते खांदे हलायला लागले. रडली. आधी आवाज न करता, आणि मग मोठ्याने, पाच वर्षांच्या मुलीसारखी, तोंड उघडून, "मॉम, मॉम" करत. आई थांबल्या नाहीत. ओतत राहिल्या. शिकेकाई लावली, पाठ चोळली, कानामागे धुतलं, गार-गरम करत पाणी घालत राहिल्या, आणि तोंडाने आपलं चालू, "रड, रड, न्हाताना रडलेलं कुणाला दिसत नाही, रड." मला दिसत होतं की. मी बाहेर येऊन सोफ्यावर बसले आणि मीही रडून घेतलं. समीरने टीव्हीचा आवाज उगाच मोठा केला, मग बंदच केला.

पाणी संपलं. तू म्हणायचीस तसंच झालं गं, एकीचं न्हाणं झालं आणि दुसरीसाठी टाकीत नुसतं कोमट उरलं. तुझी टाकीबद्दलची एकूण एक गोष्ट बरोबर होती. आणि तरी मी टाकी काढणार नाही, हे आत्ताच सांगते. आपलं भांडण संपलेलं नाही. तू असतीस तर आपण अजून पुढची दहा वर्षं भांडलो असतो. मला तेवढंच हवं होतं. तुझ्यासारखी खालून पाना घेऊन धावत येणारी मैत्रीण मला या देशात मिळाली, याहून जास्त मी काही मागितलंही नसतं. हे तुला लिफ्टमध्येच सांगायला हवं होतं, पण सकाळी सकाळी असलं कोण बोलतं?

मैत्रेयी टॉवेल गुंडाळून बाहेर आली. डोळे सुजलेले, चेहरा लाल, आणि आल्या आल्या म्हणाली, "आंटी, खायला आहे काय?" मराठीत म्हणाली. तीन पोळ्या खाल्ल्या. नंतर आई न्हाणीत गेल्या, त्या उरलेल्या कोमट पाण्याने न्हाल्या, आणि केस पुसत येऊन टेबलाशी बसल्या. मी घाबरतच विचारलं, "आई, झाली का आंघोळ मनासारखी?"

"कुठली! सगळं पाणी हिनेच संपवलं," त्या म्हणाल्या, आणि मैत्रेयीच्या ताटात अजून एक पोळी टाकली. "ऐक गं. पुढच्या रविवारी आधी मी, मग तू."

समीर म्हणाला, "आई, तुझं बुधवारचं विमान…"

"ते तू बघ," आई म्हणाल्या.